प्रकाशाची रोजनिशी

फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला प्रथम काय घेऊन द्यावे, असा प्रश्न हल्ली आईबाप शाळामास्तरांनाही विचारू लागले आहेत. कॅमेरा कोणता, भिंग कोणते, तिकाटणे किती उंचीचे, याची चर्चा घरोघर चालू असते आणि त्यात मास्तराला फारसे विचारण्याजोगे उरलेले नसते. तरीही कोणी विचारलेच, तर मी सांगतो, एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि तिला दोऱ्याने एक शिसपेन्सिल बांधून ठेवा. हे उत्तर ऐकून मुले हसतात. परंतु फोटोग्राफीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला तर असे दिसते, की ही कला जितकी काचेच्या भिंगातून वाढली, तितकीच ती कागदाच्या वहीतूनही वाढली. त्या वहीची हकीकत दिवाळीच्या या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

रोज लिहून ठेवणे ही गोष्ट आपल्याला कोणी परक्याने शिकवलेली नाही. चिटणीस, फडणीस, वाकनीस या नावांतला शेवटचा 'नीस' फारसीतल्या 'नवीस' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ लिहिणारा. 'रोजनिशी'तली निशीही तीच. पेशव्यांच्या दप्तरात वर्षानुवर्षांच्या रोजनिश्या साठल्या होत्या आणि गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथरूपाने बाहेर आले, तेव्हा लढायांच्या बखरींत न सापडणारा महाराष्ट्र लोकांना दिसला. कोणाला काय दिले, कोणत्या गावचा सारा माफ केला, कोणाचा तंटा कसा तोडला, हे सारे त्या दिवशीच्या त्या दिवशी लिहिले गेले म्हणून उरले. जो समाज रोजकीर्द आणि खतावणी जाणतो, त्याला फोटोग्राफरची वही समजायला वेळ लागू नये.

फोटोग्राफीच्या जन्माच्या वेळी ही वही हजर होती. इंग्लंडमध्ये लॅकॉक या गावी हेन्री फॉक्स टालबट नावाचे एक विद्वान गृहस्थ राहत. १८३९ सालच्या जानेवारीत त्यांनी आपली कागदावर उमटलेली चित्रे लंडनमध्ये मांडली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये दागेरची रीत जगजाहीर झाली. टालबटची मोठी अडचण अशी, की कागदावर प्रतिमा उमटायला उन्हात फार वेळ लागे. ते रोज निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणात मिसळून पाहत आणि काय केले, काय झाले, हे वहीत टिपत. त्यांच्या या काळातल्या दोन वह्या अभ्यासकांना 'पी' आणि 'क्यू' या अक्षरांनी ठाऊक आहेत. १८४० सालच्या सप्टेंबरात 'क्यू' वहीत एक नोंद पडली. गॅलिक आम्ल मिसळलेल्या द्रावाने, जो कागद वरवर कोरा दिसत होता, त्यावर लपलेली प्रतिमा वर आली! प्रकाशाने आपले काम आधीच करून ठेवलेले असते, ते नंतर द्रावाने उघड करायचे असते, हा पुढच्या दीडशे वर्षांच्या फोटोग्राफीचा पाया. अशा शोधात नशिबाचा भाग असतो. पण आदल्या दिवशी कोणत्या कागदाला काय लावले होते हे लिहिलेले नसते, तर नशिबाने दिलेले पुन्हा करून दाखवता आले नसते.

मुंबईला ही विद्या फार लवकर पोहोचली. १८५४ सालच्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण प्राचीन लेखांच्या वाचनासाठी आणि कुष्ठरोगावरच्या औषधासाठी घेतो. त्यांनाही या कलेची गोडी होती. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तर सोसायटीच्या कारभारी मंडळात होते. एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला व बरीच वर्षे चालवला. म्हणजे महाराष्ट्रात फोटोग्राफीचा विद्यार्थी हा प्राणी १८५७ च्या बंडाच्या आधीपासून आहे.

त्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. १८५१ साली फ्रेडरिक आर्चर यांनी ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि सुकण्याच्या आत पुन्हा अंधारात जाऊन धुवायची. हा सारा खेळ दहापंधरा मिनिटांत आटोपावा लागे. आपल्या वैशाखात त्याहूनही लवकर. काच सुकली की चित्र गेले. बाहेरगावी जायचे तर काळोखा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी बैलगाडीत घालून न्यायचे. अशा धंद्यात कोणते काम कोणत्या कामानंतर, किती मिनिटे आणि किती थेंब, याची यादी आधी केलेली नसेल, तर कलेची गोष्टच बोलायला नको. उलट, टालबटच्या रीतीचे कागद आधी तयार करून ठेवता येत, म्हणून लांबच्या प्रवासाला ते सोयीचे पडत. १८५५ साली कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई सरकारने जुन्या इमारतींचे फोटो घेण्यासाठी नेमले, तेव्हा त्यांनी आपल्या शेजारच्या विजापूरचे घुमट अशा कागदांवरच उतरवले. पुढे १८६६ साली विजापूरच्या वास्तूंवर जो मोठा ग्रंथ निघाला, त्यातला इतिहासाचा भाग लिहिला मेडोज टेलर यांनी. हे टेलरसाहेब सोलापूरपासून जवळच असलेल्या नळदुर्गला काही वर्षे अधिकारी होते, हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असेल.

१८८० च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्या आणि घाई संपली. पण घाई संपली तशी दुसरीच पंचाईत उभी राहिली. पूर्वी दिवसाला चारसहा चित्रे निघत, ती आता चाळीसपन्नास निघू लागली. कोणती काच कोणाची, हे लक्षात राहीना. इंदूरला होळकरशाहीत सरकारी नोकरी करता करता फोटोग्राफीकडे वळलेले लाला दीनदयाळ, जे पुढे निजामाकडून 'राजा' किताब मिळवते झाले, त्यांच्या स्टुडिओत काचांना क्रमांक घालण्याची शिस्त होती. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. काच तर टिकलीच, पण तिच्यावरच्या क्रमांकाने तिला नावगाव राहिले. 

याच गरजेतून पुढे फोटोग्राफरसाठी छापील रोजनिशी निघाली. विलायतेतील बरोज वेलकम ही औषधांची कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून कितीतरी वर्षे दरसाल खिशात मावेल अशी एक डायरी काढीत असे. तिच्यात महिन्यामहिन्याच्या प्रकाशाची कोष्टके असत, पुठ्ठ्याच्या आत फिरवण्याची एक चकती असे, आणि ती फिरवली की अमुक महिन्यात, अमुक वेळी, अशा आकाशाखाली किती वेळ झडप उघडावी, याचे उत्तर निघे. उत्तर गोलार्धासाठी वेगळी आवृत्ती, दक्षिण गोलार्धासाठी वेगळी. पण तिच्यातला खरा उपयोगाचा भाग म्हणजे आखलेली कोरी पाने. चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, विषय, उजेड, भिंगाचे छिद्र, झडपेचा काळ, असे रकाने पाडलेले. चकती जगातल्या सर्वांना एकच उत्तर देई. रकाने भरणारा विद्यार्थी मात्र वर्षभरात आपल्या गावच्या उजेडाचे स्वतःचे कोष्टक तयार करी.

आता या हकीकतीतला मुख्य पुरुष. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो; पण ते जन्मभर विद्यार्थी होते, हे आपण विसरतो. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, नंतर सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्राध्यापक गज्जर यांनी चालवलेल्या बडोद्याच्या कलाभवनात, तेथून तीन रंगांचे ठसे शिकण्यासाठी रतलामला. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला आणि तेथे प्लेगात पहिली पत्नी व मूल गमावले. १९०३ पासून पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर व नकाशे काढणारे म्हणून नोकरी केली, ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत १९०६ साली सोडली. मग लोणावळा, मग दादर, ठशांचा छापखाना. १९०९ साली जर्मनीला जाऊन छपाईची नवी यंत्रे पाहिली. आणि चाळिशी उलटल्यावर, १९११ च्या ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांनी नव्याने पाटी हाती धरली. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि पुस्तके वाचून त्यांची दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी ती वाचली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या चित्रपट काढणाऱ्यांशी घालून दिली. शिकायला मिळाले ते जेमतेम दोन आठवडे! विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन ते परत आले.

शिकलेले दाखवायचे कसे, हा प्रश्न होता. पैसा नव्हता, आणि पैसा देणाऱ्याला नुसत्या बोलण्यावर विश्वास बसत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या कुंडीचे चित्रण केले. पडद्यावर ते सुमारे मिनिटभराचे झाले. बी फुगते, अंकुर वर येतो, पाने उलगडतात, वेल चढतो. 'अंकुराची वाढ' असे त्याला नाव मिळाले.

रोज एक फ्रेम घेतली, असे नेहमी सांगितले जाते. शाळामास्तराच्या सवयीने येथे थोडे गणित करून पाहू. त्या काळी पडद्यावर सेकंदाला सुमारे १६ फ्रेमी धावत. मिनिटाला झाल्या ९६०. रोज एकच घेतली असती, तर महिन्यात ३० झाल्या असत्या आणि वेल दोन सेकंदांत चढून गेला असता. पाहणाराची पापणी लवते न लवते तोच खेळ आटोपला असता. मिनिट भरायचे तर ९६० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ३२ फ्रेमी हव्यात. दिवसाचा उजेड १२ तास धरला, तर दर साडेबावीस मिनिटांनी एक; किंवा कॅमेऱ्याचे हँडल एका फेऱ्यात ८ फ्रेमी पुढे नेते हे लक्षात घेतले, तर दिवसातून चार वेळा एकेक फेरा. कोणतीही रीत धरा, महिनाभर तिच्यात खंड पडून चालत नाही. पाहुणा आला, ताप आला, घरात कोणाचे दुखले खुपले, तरी वेळ झाली की हँडल फिरलेच पाहिजे. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही. वाटाण्याला रजा माहीत नसते. एक दिवस चुकला, तर पडद्यावर वेलाने टुणकन उडी मारलीच म्हणून समजा, आणि कर्ज देणारा ती उडी पाहणारच.

हे एकट्या माणसाचे काम नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. सरस्वतीबाई फाळके घरच्या रगाड्यातून वेळ काढून अंधारात फिल्मला छिद्रे पाडायला व ती धुवायला शिकल्या. चित्रपटाच्या सामानाच्या कोऱ्या गुंडाळीपासून धुतलेल्या फिल्मपर्यंतचे काम त्यांच्या हातून गेले. मराठी घरातल्या बायकांना वेळेचे गणित कोणी शिकवावे लागत नाही. चुलीवरचे दूध आणि पाळण्यातले मूल यांनी ते शिकवलेले असते. 

निवडक मंडळींना तो मिनिटभराचा खेळ दाखवला गेला आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केले. पुढे सहा महिन्यांहून अधिक काळ चित्रण होऊन ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला. सत्यवचनी राजाच्या कथेआधी एका वाटाण्याने आपला शब्द पाळला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नोंद न ठेवण्याची एक गमतीदार हकीकत अमेरिकेतली आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे तेथले थोर फोटोग्राफर. न्यू मेक्सिको प्रांतात हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. मावळतीचा उजेड थडग्यांवरच्या क्रुसांवरून सरकत होता, प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक चित्र घेतले; दुसरे घेईपर्यंत उजेड गेला. इतका हिशेबी माणूस, पण तारीख लिहायची राहिली! पुढे त्यांनी स्वतःच त्या फोटोला निरनिराळी साले सांगितली. अखेर खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राची उंची आणि डोंगराच्या ओळी मापून उत्तर काढले. प्रथम ३१ ऑक्टोबर १९४१ असे निघाले. नंतर १९९१ साली डेनिस दि चिको यांनी चूक दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे, असे सांगितले. फोटोत चंद्र होता म्हणून हे जमले. आपल्या घरातल्या लग्नाच्या ग्रूपफोटोत चंद्र नसतो.

चंद्रावरून पंचांग आठवते आणि पंचांगावरून सोलापूर. दाते पंचांग आमच्या गावचे. नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले आणि धुंडिराजशास्त्रींनी घरोघर पोहोचवलेले हे पंचांग शतकाहून अधिक काळ निघत आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही त्याची पाच अंगे. पण फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याने त्यात सूर्याचा उदय आणि अस्त आधी पाहावा. हातातले घड्याळ ८२½ अंश रेखांशाची वेळ दाखवते. सोलापूर आहे सुमारे ७६ अंशांवर. साडेसहा अंशांच्या या फरकामुळे आपल्याकडे मध्यान्ह सरासरी २६ मिनिटे उशिरा होतो. त्यातही सूर्य वर्षभर घड्याळाशी एकसारखा चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी आपला मध्यान्ह १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४० मिनिटांना. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि १२ वाजून २२-२३ मिनिटांनी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. त्या वेळी कोणाचा चेहरा फोटोत नीट येणार नाही. कपाळाची सावली डोळ्यांत पडेल. ऑगस्टच्या आरंभी सूर्य पुन्हा तेथेच येतो, पण तेव्हा ढग दयाळू असतात.

पंचांगाचा दुसरा उपयोग दिवस आधी आखण्यासाठी. गड्ड्याची यात्रा मकर संक्रांतीला धरून असते. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जानेवारीच्या मध्यावर ठरलेली. यण्णीमज्जन, अक्षता, होम, शोभेचे दारूकाम, कप्पडकळी, असा क्रमही ठरलेला. सात नंदीध्वजांची मिरवणूक कोणत्या दिवशी कोठे असेल, हे विद्यार्थ्याला दिवाळीतच वहीत लिहून ठेवता येते. त्या दिवसांत सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, हेही शेजारी लिहावे. आषाढीचे तसे नाही. ती तिथीवर चालते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. गेल्या वर्षीच्या तारखेवर भिस्त ठेवून पंढरपूरला निघणाऱ्याला रिकामे वाळवंट तरी भेटेल, नाही तर परतणारे वारकरी. आषाढीची वारी वर्षातून एकदाच येते; एक चुकली की शिकाऊ माणसाचे वर्ष गेले.

या गावाला वेळेचा धाक नवा नाही. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी निघाली आणि मग कितीतरी पिढ्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर जेवल्या. घरातली बाई भोंगा झाला की भाकरी बांधून देई. त्या गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले. बाहेरून कोणी वेळ सांगणारे उरले नाही, म्हणून ज्याची त्याने स्वतःची वेळ वहीत लिहून ठेवणे अधिकच जरूर झाले.

कोणी म्हणेल, आजचा कॅमेरा किंवा खिशातला फोन तारीख, वेळ, झडपेचा काळ, सारे आपोआप टिपतो. मग वही कशाला? प्रश्न रास्त आहे. यंत्र टिपते ते घडून गेल्यावर. उद्या काय करायचे, हे ते सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत डाव्या पानावर बेत असावा आणि उजव्या पानावर घडले ते. डावीकडे लिहावे: रविवारी पहाटे मंगळवार पेठ, भाजीची गाडी उतरताना, तीन चित्रे हवीत. उजवीकडे लिहावे: गाडी उशिरा आली, ऊन चढले, एकच चित्र बरे. दोन पानांमधले अंतर हाच त्याचा खरा अभ्यासक्रम. महिनाभराने पाने उलटली की दर वेळी नेमके कोठे अडते, हे मास्तराने न सांगता कळते. प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा शाळेतल्या विज्ञानाचा नियमही वहीमुळेच पाळला जातो. छिद्र आणि वेळ दोन्ही एकदम बदलली, तर चित्र कशाने सुधारले याचा पत्ता लागत नाही. आणि यंत्र टिपत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे समोरच्या माणसाचे नाव.

येथे ही हकीकत विद्यार्थ्यापुरती राहत नाही, तुमच्याआमच्या घरात येते. प्रत्येक घरात ट्रंकेच्या तळाशी किंवा देवघराच्या वरच्या फळीवर फोटोंचे एक पुडके असते. नऊवारीतली एक मुलगी खुर्चीला हात लावून उभी आहे. ती आजीची बहीण की आत्या? फेटेवाल्यांच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण? हे सांगू शकणारे माणूस घरात आज एखादेच असते, आणि तेही वयाने थकलेले असते. ते गेले, की फोटो तसाच राहतो आणि माणसे मात्र दुसऱ्यांदा जातात.

दिवाळीच्या सुटीत सारी मंडळी एकत्र जमतात. फराळ झाल्यावर एक दुपार ते पुडके खाली काढावे. आजीला चष्मा लावून मध्ये बसवावे. घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला फोटोग्राफीची हौस आहे, त्याच्या हाती वही द्यावी. प्रत्येक फोटोला क्रमांक, मग नावे, गाव, साधारण साल. फोटोच्या पाठीवर शाईने नव्हे, तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने तोच क्रमांक. आजी मध्येच एखाद्या फोटोपाशी थांबेल आणि दुसरेच काही सांगू लागेल. तेही लिहून घ्यावे. त्यासाठी वहीत रकाना नसला तरी चालेल.